उजेडाचं टेबल

ती बाई मला आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड शब्दांची वाट बघत बसायला नको. गोड बोलणं तिच्या निरोपाच्या दिवशी उरकलं आहे. इन्चार्जसाहेब बोलले, ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर बोलल्या, रोलरवरचा माणूस तर चक्क रडला. मी बोलले नाही. पण तिच्या शेजारी मी बावीस वर्षं काढली आहेत, आणि ती काय चीज होती हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं काम एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत. इमारतीच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या भिंतीला लागून एक लांबलचक खोली आहे. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मग वाळवण्याची, मग कापड दाबून सपाट करणारा रोलर, आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, आम्ही दोघी. वॉर्डातल्या चादरी रोलरवरून थेट गाडीत जातात. ऑपरेशनच्या हिरव्या चादरींचं तसं नसतं. त्या आधी तिच्या टेबलावर यायच्या. त्या टेबलाचा वरचा भाग काचेचा आणि काचेखाली ट्यूबलाइट. चादर पसरली की सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा खालच्या उजेडाने लख्ख दिसतं. भोक सापडलं की गरम इस्त्रीने त्यावर ठिगळ चिकटवायचं. चादर निर्दोष असली की कोपऱ्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. तो शिक्का म्हणजे शब्द. माणसाचं पोट उघडं असताना भोवतालच्या चादरीला भोक असलं तर जंतूंना आयतं दार मिळतं, एवढं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

शिक्का बसलेली चादर मग माझ्याकडे. मी तिची पंख्यासारखी घडी घालायचे. थिएटरमध्ये दोन कोपरे धरून सोडली की कुठेही हात न लागता उलगडली पाहिजे, अशी. माझी घडी चांगली असते. हे मी एकटी म्हणत नाही.

त्या टेबलामुळे सगळे तिला उजेडबाई म्हणायचे, तोंडावर उजेडताई. मी तिला कधी ताई म्हटलं नाही. मी ‘बाई’ म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. ते मानाने नव्हे, लांब ठेवायला. ती मला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

सव्वीस वर्षांची असताना ती कामाला लागली. नवरा ट्रक चालवायचा. एकदा गेला तो परत आला नाही. मेला असता तर विधवा तरी म्हणवून घेतलं असतं. तो जिवंत होता, दोन गावं पलीकडे दुसरा संसार मांडून बसला होता. पदरात चार वर्षांची मुलगी. ती मुलगी शाळेतून थेट लाँड्रीत यायची आणि आईच्या टेबलाखाली बसून, काचेच्या कडेने जो उजेड गळायचा त्यात अभ्यास करायची, असं जुनी माणसं सांगतात. पुढे ती चित्रकलेची शिक्षिका झाली, लग्न होऊन लांब गेली. उजेडबाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. या सगळ्याचं तिने कधी भांडवल केलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचाही राग यायचा. दुःख सांगणाऱ्या माणसाला निदान दोन शब्द ऐकवता येतात.

आम्ही दोघी चर्चच्या एकाच मंडळीच्या. रविवारच्या उपासनेला ती अगदी मागच्या बाकावर बसायची आणि पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला की पाच मिनिटांत झोपायची. तोंड उघडं टाकून. भगिनी मंडळात ती नव्हती, शास्त्राभ्यासाला ती येत नव्हती, आजाऱ्यांच्या भेटीला आमच्याबरोबर कधी निघाली नाही. मी मात्र भगिनी मंडळाची चिटणीस होते, आणि गायनात पुढच्या ओळीत. माझा आवाज चांगला आहे असं पाळकसाहेब म्हणतात. बरं, मीही म्हणते. मला वाटायचं, आठवड्याचे सहा दिवस आम्ही पोटासाठी घाण धुतो आणि सातव्या दिवशी देवासमोर उभं राहतो. त्या सातव्या दिवशी जी घोरते, तिने धर्माबद्दल तोंड उघडू नये.

ती उघडायचीही नाही. पुटपुटायची मात्र. चादर काचेवर पसरली की तिचे ओठ हलायला लागायचे. एक चादर, पुटपुट. दुसरी चादर, पुटपुट. आवाज येत नसे. सकाळची पहिली चादर पसरताना ती हमखास माझ्याकडे एक नजर टाकायची आणि मग ओठ हलायचे. मला खात्री होती की ती माझ्याबद्दल काहीतरी बोलते. बावीस वर्षं रोज सकाळी कुणी तुमच्याकडे बघून ओठ हलवत असेल तर तुम्हीही हसत हसत घड्या घालणार नाही.

आणि तिचा वेळकाढूपणा! प्रत्येक चादर ती दोनदा बघायची. एकदा डोळ्यांनी, आणि मग डोळे मिटून, बोटांनी, कडेकडेने. माझे हात रिकामे, समोर ढीग तिचा, आणि तासाअखेरीस बोलणी कुणाला? दोघींना. वर माझी घडी तिला वाकडी दिसली तर ती माझ्यापुढे आणून ठेवायची. बोलायची काही नाही. फक्त ठेवायची. सगळ्यांदेखत. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळलं नाही ते मंडळीच्या पन्नासाव्या वर्षाचं.

त्या शनिवारी संध्याकाळी सहाला मोठी उपासना होती. बाहेरगावचे पाळक येणार होते आणि मला एकटीला गायचं होतं. चार महिने तालीम केली होती. नवी साडी लाँड्रीतच खुंटीवर टांगून ठेवली होती, काम संपलं की तिथेच बदलून पळायचं म्हणून. साडेचार वाजता चाळीस गठ्ठे बांधून तयार. मी हात धुतले. आणि उजेडबाई म्हणाली, "थांब. एका चादरीवर मी न बघता शिक्का मारलाय."

"म्हणजे?"

"मगाशी तो रोलर अडकला ना, मी मान वळवली. हाताने शिक्का मारला. ती चादर यांतल्या कुठल्यातरी गठ्ठ्यात आहे."

"कुठल्या?"

"ते माहीत नाही. सगळे सोडावे लागतील."

मी हात जोडले. खरोखर जोडले. म्हटलं, "बाई, सोमवारी बघू. आज रात्रीत काही आकाश कोसळत नाही."

"गाडी पाच वाजता जाते. पोट सोमवारपर्यंत थांबत नाही," ती म्हणाली आणि पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली.

चाळीस गठ्ठे. गाडी दारात थांबवून ठेवली. सगळ्या चादरी पुन्हा काचेवर, सगळ्या घड्या पुन्हा माझ्याकडे. ती चादर सापडली अडतिसाव्या गठ्ठ्यात, वाकड्या बसलेल्या शिक्क्यावरून तिने ओळखली, आणि तिच्यात भोक होतं का? नव्हतं. स्वच्छ, धडधाकट चादर. तोवर सव्वासात झाले होते. मी रडत होते, रागाने, आणि ती बाई शांतपणे चष्मा पुसत म्हणाली, "गायचंच आहे ना, इथे गा की. देव इथेही असतो."

त्या दिवशी मी ठरवलं की हिला त्या टेबलावरून उठवायचं.

संधी यायला दोन वर्षं लागली. नवे इन्चार्जसाहेब आले. तरुण, घड्याळ बघून काम करणारे. मी त्यांच्या खोलीत गेले आणि साखरेत घोळून सांगितलं, "साहेब, तक्रार नाही हो. काळजी वाटते. आमच्या उजेडबाईंना दिसत नाही आता. चादर हाताने चाचपतात. डोळे मिटून. तुम्ही स्वतः बघा." त्यांनी दाराच्या फटीतून बघितलं. डोळे मिटून कडेवरून बोटं फिरवणारी अठ्ठावन्न वर्षांची बाई. खोटं काहीच सांगितलं नव्हतं मी.

साहेब म्हणाले, परीक्षा घेऊ. दहा चादरी घ्या, त्यांत सात भोकं पाडा, कुठे पाडली ते कागदावर लिहून माझ्याकडे द्या. हे काम त्यांनी मला सांगितलं, कारण मी तक्रार केली नव्हती, काळजी केली होती.

जेवणाच्या सुटीत, सगळे बाहेर असताना, मी सुई घेऊन बसले. सहा भोकं सरळ पाडली. सातव्याला हात थांबला. ती सातही शोधणार हे मला माहीत होतं. तिला दिसत होतं, हे लाँड्रीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग मी चादरीची कड हातात घेतली. ऑपरेशनच्या चादरीची कड दुमडून शिवलेली असते, कापडावर कापड. मी सुई तिरकी धरली आणि फक्त खालच्या पदरातून घातली. वरचा पदर शाबूत. अशा भोकातून उजेड येत नाही. येणारच नाही. आणि तसं बघायला गेलं तर ते भोकही नव्हे, कारण आरपार काही जात नाही. कागदावर मी लिहिलं, "सातवं, आठव्या चादरीच्या कडेला." आणि त्या संध्याकाळी तालमीला जाऊन खणखणीत गायले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. सगळी लाँड्री काम सोडून गोळा झाली. उजेडबाईने दहाच्या दहा चादरी तिच्या पद्धतीने बघितल्या, डोळ्यांनी आणि मग बोटांनी. आठव्या चादरीच्या कडेवर तिचं बोट थांबलं. बोट तिथेच राहिलं, बराच वेळ. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि चादर बाजूला ठेवली. राहिलेल्या दोन झरझर उरकल्या.

"सहा," ती म्हणाली.

साहेबांनी कागद काढला, आठवी चादर उलटी केली, कडेवरचं सुईचं भोक शोधून काढलं. "एक राहिलं, बाई."

ती म्हणाली, "बरं." शिक्का टेबलावर ठेवला, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि विचारलं, "मी आता कुठे जाऊ?"

तळघरात. तिथे फरशी पुसायची फडकी धुतात. सगळ्या मजल्यांची घाण तिथे उतरते. तिथली फडकी कुणी तपासत नाही, कुणी शिक्का मारत नाही, घडी घातली काय आणि गोळा करून बादलीत कोंबली काय, विचारणारं कुणी नाही. निवृत्तीला तिचे दहा महिने बाकी होते. ती जिना उतरून गेली आणि काचेचं टेबल मला मिळालं.

पहिले काही दिवस मी राणीसारखी बसले. माझ्या जागी घडीला नवी बाई आली. मी भराभर बघायचे, भराभर शिक्के मारायचे, ढीग दुपारीच संपायचा. साहेब खूश. मी गुणगुणायचे.

मग डोळे दुखायला लागले. तो उजेड खालून येतो ना, तो थेट डोक्यात शिरतो. तासाभराने सगळं हिरवं सारखंच दिसतं. आणि त्या हिरव्यात मला भोकं दिसायची बंद झाली. दिसायचं काय, तर तिचं ते थांबलेलं बोट. मला माझाच संताप यायचा, मग तिचा यायचा, आणि तोवर चार चादरी हाताखालून गेलेल्या असायच्या.

पाचव्या आठवड्यात थिएटरच्या सिस्टर स्वतः खाली आल्या. हातात उलगडलेली चादर. तिच्या मधोमध मसुराएवढं भोक आणि कोपऱ्यात माझा शिक्का. पेशंटवर टाकायच्या आधी त्यांच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी इथे अकरा वर्षं आहे. या टेबलावरून भोक घेऊन आलेली ही पहिलीच चादर." त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

मी सरळ तळघरात गेले. तिची युक्ती विचारायला गेले होते. आवाज मात्र भांडणाचा होता.

तळघराला खिडकी नाही. एक बल्ब, दोन यंत्रं, जमिनीवर सतत पाणी. आणि भिंतीशी फळीवर फडक्यांच्या थप्प्या, इतक्या नीट की मी दारातच थबकले. फरशी पुसायची राखाडी, विटकी फडकी, कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलेली. उजेडबाई स्टुलावर बसली होती. एक फडकं मांडीवर, डोळे मिटलेले, बोट कडेवरून फिरतंय आणि ओठ हलताहेत.

"इथे कोण बघणार आहे, बाई?" मी म्हटलं. "फरशी पुसायचं फडकं आहे ते."

तिने डोळे उघडले नाहीत. "कडेला धाग्याची ताठ तार निघाली की पुसणाऱ्या बाईच्या नखात शिरते," ती म्हणाली. "तुला काय हवंय?"

"तुम्हाला भोकं कशी दिसायची?"

"बघून."

"मीही बघतेच."

"तू बघत नाहीस. तू रागावलेली असतेस. राग असला की दिसत नाही. मलाही दिसत नव्हतं." आता तिने डोळे उघडले. "पहिले सहा महिने मला तुझ्या शेजारी बसून एक भोक धड दिसायचं नाही. तुझं ते गुणगुणणं, तुझं ते ‘बाई, बाई’, तुझं प्रत्येक गोष्टीत नाकाने कांदे सोलणं. इतकी तू माझ्या डोक्यात जायचीस की चादरीवर चादर नाही, तुझं तोंड दिसायचं. मग मी ठरवलं, सकाळची पहिली चादर तुझ्या नावाची. तुझं नाव घ्यायचं, तुझ्यासाठी मागायचं, तुला एकदाची देवाच्या हातात देऊन टाकायची. मग दुसऱ्या चादरीपासून मला दिसायचं. दुसरीपासून ज्याच्यावर चादर पडायची त्याच्यासाठी मागायचे. त्यांची नावं मला माहीत नसायची. तुझं माहीत होतं."

मी बावीस वर्षं त्या ओठांचा जो अर्थ लावला होता, तो असा चिंध्या होऊन समोर पडला. मला काय वाटलं असेल? कृतज्ञता? छे. मला इतका राग आला की कान गरम झाले. प्रार्थना? माझ्यासाठी? रोज सकाळी? मला न विचारता? म्हणजे मी हिच्या वाटेतला दगड, आणि ही रोज सकाळी तो उचलून देवाच्या दारात नेऊन ठेवणार!

"आणि ते सातवं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तुमचं बोट थांबलं होतं."

"सापडलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिने फडकं मांडीवर सपाट केलं. "खालच्याच पदराला आहे हे बोटाला कळलं. असं भोक आपोआप पडत नाही. कुणी पाडलं तेही कळलं. मी बोलले असते तर साहेबांनी विचारलं असतं, आणि तुला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं." तिने फडक्याची एक घडी घातली. "मला ते इतकं हवं होतं गं, इतकं हवं होतं, की मला माझीच भीती वाटली. म्हणून गप्प बसले."

"म्हणजे तुम्ही मला माफ केलंत?"

"नाही," उजेडबाई म्हणाली. "अजून जमलं नाही. रोज सकाळी बसते. पहिलं फडकं तुझ्याच नावाचं असतं. आता जा, मला काम आहे."

त्या रविवारी मी एकटीने गायले. तेच गाणं, जे दोन वर्षांपूर्वी राहून गेलं होतं. पाळकसाहेबांनी मुद्दाम ठेवलं होतं. आवाज चांगला लागला, लोकांचे डोळे भरून आले. मी मागच्या बाकाकडे बघितलं. ती झोपली होती, तोंड उघडं. आठवडाभर खाली वाकून फडकी धुणारी बाई झोपणार नाही तर काय करणार? आणि मला कळलं की मी गाते आहे ते कुणाला ऐकू जावं म्हणून. देवाला नव्हे. पुढच्या तीन ओळींतल्या माणसांना. तिचं ते पुटपुटणं मात्र शेजारी बसलेल्या मलाही कधी ऐकू आलं नव्हतं. गाणं मी पूर्ण केलं. खाली बसले ती रागानेच, पण या वेळी राग तिच्यावर नव्हता.

सोमवारी सकाळी मी परीक्षेनंतर बाजूला ठेवलेल्या चादरींतून आठवी शोधून काढली आणि साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, ही कड उजेडावर धरा." त्यांनी चादर उजेडावर धरली. काही दिसलं नाही. मी बोट ठेवून दाखवलं आणि सुई कशी घातली ते सांगितलं. वरचा पदर उघडून दाखवला, शाबूत होता.

त्यांनी चादर खाली ठेवली. "तुम्ही मला हे का सांगताय? मला कधी कळलं नसतं."

"मला दिसत नाहीये, साहेब," मी म्हटलं. "त्या टेबलावर बसून मला काही दिसत नाही."

त्यांनी मला घरी पाठवायला हवं होतं. का पाठवलं नाही ते मला पुढे रोलरवरच्या माणसाने सांगितलं. साहेब आधी तळघरात गेले होते, आणि उजेडबाई त्यांना म्हणाली होती, "तिला काढू नका. तिची घडी चांगली आहे." एवढंच. बावीस वर्षांत तिने माझ्या घडीला चांगलं म्हटलं ते तेवढं एकदा, आणि तेही माझ्या पाठीमागे.

आमची अदलाबदल झाली. ती जिना चढून वर आली, मी माझी पिशवी घेऊन खाली निघाले. मधल्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो. मला काहीतरी बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

"माफी मागणार असशील तर आत्ता नको," ती म्हणाली. "वर ढीग पडलाय." आणि भिंतीला चिकटून मला वाट दिली. दोन पायऱ्या चढून तिने मागे वळून सांगितलं, "डावीकडचं यंत्र गळतं. खाली बादली ठेव."

ती पुढे आठ महिने टेबलावर होती. एकही चादर परत आली नाही. निरोपाच्या दिवशी मी तळघरातून वर आले, भाषणं ऐकली, आणि परत खाली गेले. आमच्यात गोडी झाली असं कुणी समजू नये. ती निघताना मला भेटायला आली नाही. फळीवर तिने एक जुनी चिंधी ठेवली होती, कडेला तार निघालेली. अशी फडकी निवडून बाजूला काढ, एवढाच त्याचा अर्थ.

मी अजून खालीच आहे. गातेही कधी कधी. इथे फक्त यंत्रं ऐकतात, आणि देव इथेही असतो असं ती म्हणाली होती. पण सकाळचं पहिलं फडकं मी गाऊन घेत नाही. त्या फडक्यावर मी तिचं नाव घेते, उजेडबाई नव्हे, खरं नाव. दात-ओठ खाऊन घेते. बहुतेक दिवशी ते नाव घशातून उतरत नाही आणि फडकं तसंच मांडीवर राहतं. मग पुन्हा घेते. एकदा ते नीट घेतलं गेलं की मी दुसरं फडकं उचलते, डोळे मिटते, आणि कडेची तार बोटाला लागते.